टॉन्सिलच्या ऑपरेशनचा अनुभव: घोरणं थांबलं, पण सर्दी-खोकला थांबेल म्हणून जाऊ नका

लेकीचे टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागची टॉन्सिलसारखीच गाठ) दोन्ही काढून आता वर्ष उलटून गेलंय, म्हणून आत्ता कुठे रिव्ह्यू लिहितेय. ऑपरेशन झाल्या झाल्या लोकांनी लिहिलेले रिव्ह्यू मी त्यावेळी ढीगभर वाचले, सगळ्यात स्टाफ चांगला, डॉक्टर छान, रूम स्वच्छ एवढंच, आणि ते खरंही असेल, पण ज्यासाठी ऑपरेशन केलं ते झालं का हे कोणीच लिहीत नाही कारण ते कळायलाच सर्दी-खोकल्याचा एक अख्खा सीझन जावा लागतो. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली एक तक्रार पण आहे आणि मला भांडण नकोय, ज्यांच्या घरी हा निर्णय चालू आहे त्यांना उपयोग व्हावा एवढंच.

आधी निकाल सांगते. झोप एकदम सुधारली. घसा सुजून ताप येणं खूपच कमी झालं. सर्दी, वाहतं नाक आणि खोकला जसाच्या तसा. आणि हे तिसरं तसंच राहणार हे डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी तोंडावर सांगितलं होतं, मी इथे चांगले स्टार देतेय ते मुख्य म्हणजे त्यासाठी.

कारण त्याच्या आधी एका ठिकाणी दाखवलं होतं तिथे टॉर्च मारून दोन मिनिटांत, टॉन्सिल मोठे आहेत, काढून टाका, सर्दी-खोकल्याची कटकटच संपेल, असं सांगून थेट तारीख द्यायला घेतली होती. रात्र रात्र खोकणाऱ्या पोरीच्या आईला हे ऐकायला किती बरं वाटतं सांगू. पण नुसते मोठे दिसतात हे काढायचं कारणच नाहीये. लहान वयात टॉन्सिल मोठे असतातच, साधारण तीन ते सात वर्षांच्या काळात ते सगळ्यात जास्त कामात असतात आणि पुढे वयात येताना आपोआप आकसत जातात. श्वास अडत नसेल, गिळायला त्रास नसेल, वारंवार घसा पिकत नसेल तर मोठे टॉन्सिल घेऊन आरामात जगता येतं.

या दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, सारखी आजारी असते म्हणजे नक्की किती वेळा? मी म्हटलं सारखीच असते हो. तर ते म्हणाले तसं नको, मागच्या वर्षभरातल्या चिठ्ठ्या काढा आणि प्रत्येक वेळी ताप किती होता, गिळताना दुखत होतं का, मानेला गाठी आल्या होत्या का, का नुसतं नाक गळत होतं आणि खोकला होता, हे वेगवेगळं लिहून आणा. घरी जाऊन जुन्या फाइली आणि फोनमधले मेसेज चाळत बसले तेव्हा लक्षात आलं की आम्ही घरात ज्याला टॉन्सिल वाढले म्हणायचो त्यातलं निम्म्याहून जास्त साधं सर्दी-पडसं होतं. नाक वाहतंय, शिंका आहेत, खोकला आहे म्हणजे बहुतेक वेळा व्हायरस असतो, तो नाकाच्या आणि घशाच्या अख्ख्या अस्तरात बसतो, मागचे दोन गोळे काढले म्हणून तो यायचा थांबत नाही. आणि एकदम धडधाकट लहान मुलालाही वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं हे नॉर्मल धरतात, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर कितीतरी रात्रीची काळजी वाचली असती.

घसादुखीसाठी टॉन्सिल काढायचे तर त्याचा एक हिशोब आहे, तो तुम्ही पण लक्षात ठेवा. एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा. आणि प्रत्येक वेळी घसादुखीबरोबर ३८.३ सेल्सिअसच्या वर ताप (आपल्या थर्मामीटरवर १०१), मानेच्या सुजलेल्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा स्ट्रेप्टोकोकस या घसा पिकवणाऱ्या जंतूची टेस्ट पॉझिटिव्ह, यातलं निदान एक तरी हवं आणि ते डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं हवं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डॉ. जॅक पॅराडाइज यांनी १९८४ साली जो अभ्यास छापला त्यातून हे आकडे आले आणि तिकडच्या ईएनटी डॉक्टरांच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्येही तेच आहेत. याच्या खाली बसत असाल तर थांबा आणि लक्ष ठेवा असं म्हणतात, कारण बऱ्याच मुलांचा त्रास वाढत्या वयात आपला आपण कमी होतो. मुलांवरच्या अशा सगळ्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे काढणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये जो आढावा काढला त्यात पहिल्या वर्षी ऑपरेशन न केलेल्या मुलांचा घसा सरासरी ३.६ वेळा दुखला आणि केलेल्यांचा ३ वेळा, आणि त्या तीनमधली एक घसादुखी म्हणजे खुद्द ऑपरेशनचीच! ज्यांना खूप जास्त त्रास होता त्यांना फायदा जास्त, ज्यांना थोडा त्यांना तो फारसा जाणवतच नाही.

आमची लेक या आकड्यांच्या काठावर होती, धड आत नाही धड बाहेर नाही. डॉक्टर स्पष्ट म्हणाले नुसत्या घशासाठी असतं तर मी अजून सहा महिने थांबा म्हटलं असतं. मग त्यांनी विचारलं झोपते कशी.

मी फोनवरचा व्हिडिओ दाखवला. त्यात ती तोंड उघडं टाकून, मान मागे टाकून झोपलीये, घोरतेय, मग एकदम आवाज बंद होतो, छाती आत ओढली जाते पण श्वास येत नाही, आणि मग दचकल्यासारखी हुंदका देऊन परत घोरायला लागते. डॉक्टरांनी तो आवाज मोठा करून पूर्ण पाहिला, परत मागे नेऊन पाहिला, आणि श्वास थांबतो ती जागा बोटाने दाखवून हातातल्या घड्याळावर सेकंद मोजले. मग दिवसा चिडचिड करते का, सकाळी उठवत नाही का, अंथरूण ओलं करते का, वर्गात लक्ष असतं का असे प्रश्न. बऱ्याच प्रश्नांना हो म्हणताना मला कळलं की आम्ही ज्याला हट्टीपणा म्हणत होतो ती नीट न झालेली झोप होती. नाकाच्या मागे अ‍ॅडिनॉइड आणि घशात टॉन्सिल, दोन्हीकडून रस्ता अरुंद, आणि झोपेत स्नायू सैल पडले की उरलेला रस्ताही बंद. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात आणि मुलांमध्ये टॉन्सिल काढायचं हे सगळ्यात ठोस कारण. २०१३ मध्ये ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवरचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात सात महिन्यांनी परत स्लीप स्टडी (झोपेत श्वास कसा चालतो याची रात्रभराची तपासणी) केली तर ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोप नॉर्मल झाली होती आणि नुसतं थांबून पाहिलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची. म्हणजे न करताही जवळपास निम्म्यांचं सुधारलं हेही त्यात आहे, आणि लक्ष-एकाग्रतेच्या टेस्टमध्ये फार फरक पडला नाही पण वागणं आणि एकूण जगणं सुधारलं. डॉक्टरांनी हे दोन्ही बाजूंनी सांगितलं, फक्त आपल्या सोयीची बाजू नाही सांगितली.

आता तो डेन्मार्कचा अभ्यास. टॉन्सिल सर्च केलं की तो समोर येतोच आणि वाचून झोप उडते, माझीही उडाली. २०१८ मध्ये छापलाय, १९७९ ते १९९९ या काळात तिकडे जन्मलेल्या जवळपास १२ लाख मुलांच्या सरकारी नोंदी तपासल्या, पहिल्या ९ वर्षांच्या आत ज्यांचे टॉन्सिल किंवा अ‍ॅडिनॉइड काढले आणि ज्यांचे नाही काढले त्यांची वयाच्या तिशीपर्यंत तुलना केली. तर टॉन्सिल काढलेल्यांमध्ये पुढे वरच्या श्वसनमार्गाच्या आजारांचा धोका अडीच-पावणेतीन पट, आणि अ‍ॅडिनॉइड काढलेल्यांमध्ये सीओपीडी या फुप्फुसाच्या आजाराचा धोका साधारण दुप्पट. म्हणजे श्वसनाचे आजार कमी व्हावेत म्हणून काढायचे आणि पुढे तेच वाढायचे?

मी याची प्रिंट घेऊनच दुसऱ्या व्हिजिटला गेले. नेटवरचं वाचू नका असं ऐकून घ्यायची मनाची तयारी होती पण तसं काही झालं नाही, त्यांनी कागद हातात घेतला आणि नीट समजावलं. पहिलं म्हणजे ज्या मुलांचे टॉन्सिल काढतात ती मुळातच जास्त आजारी पडणारी असतात, त्यामुळे पुढेही तीच जास्त आजारी पडली तर तो दोष ऑपरेशनचा का मुळातल्या प्रकृतीचा हे नुसत्या नोंदींवरून पक्कं सांगता येत नाही, संशोधकांनी हिशोबात ते सांभाळायचा प्रयत्न केलाय पण पूर्ण सांभाळता येत नाही. दुसरं म्हणजे टॉन्सिल हे बिनकामाचं मांस नाहीये, नाका-तोंडातून आत येणाऱ्या जंतूंची पहिली ओळख तिथे होते, पोलिओच्या साथी होत्या त्या काळात टॉन्सिल काढलेल्या मुलांना मेंदूच्या तळाकडचा वाईट पोलिओ जास्त व्हायचा म्हणून साथीत ही ऑपरेशनं पुढे ढकलायचे. म्हणून कारण पक्कं असल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि तिसरं, तुमच्या मुलीचा श्वास रोज रात्री अडतोय, तो धोका आजचा आहे आणि डोळ्यासमोर आहे. एवढं ऐकल्यावर आमचा निर्णय झाला.

एक जुनी गोष्ट पण सांगते, ही मी नंतर वाचली. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ११ वर्षांची १००० मुलं तपासली तर ६१ टक्क्यांचे टॉन्सिल आधीच काढलेले. उरलेली डॉक्टरांना दाखवली, त्यांनी ४५ टक्के मुलांना काढा म्हटलं. ज्यांना नको म्हटलं होतं ती दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली, त्यांनी त्यातल्या ४६ टक्क्यांना काढा म्हटलं. पुन्हा उरलेली पाठवली, पुन्हा तसंच. शेवटी हजारातली फक्त ६५ मुलं अशी राहिली ज्यांना कोणीच काढा म्हटलं नव्हतं. दुसरं मत जरूर घ्या, पण ते मत घशात टॉर्च मारून येतंय का नोंदी आणि झोप विचारून येतंय ते बघा.

बरं, तारीख ठरली आणि आदल्या आठवड्यात लेकीला सर्दी-खोकला. भूलतज्ज्ञ मॅडमनी छातीला पुढून मागून स्टेथोस्कोप लावला, खोकायला लावलं, परत ऐकलं आणि सरळ ऑपरेशन पुढे ढकललं. सुट्ट्या टाकलेल्या, सगळी तयारी झालेली, घरात चिडचिड झाली. पण मॅडमचं म्हणणं असं की सर्दी वरवर बरी झाली तरी श्वासनलिका पुढे काही आठवडे चिडलेलीच राहते, अशात भूल दिली की स्वरयंत्र आवळून श्वास बंद होणं किंवा ऑक्सिजन खाली जाणं याची शक्यता वाढते, आणि इथे तर ऑपरेशनच श्वासाच्या रस्त्यावर आहे. नाक जरा गळत असेल तर चालतं, पण ताप, ओला खोकला, छातीत घरघर असेल तर नाही. कोणी तुम्हाला असं परत पाठवलं तर त्यांच्यावर रागावू नका, आणि तारीख जवळ आली की मुलात काहीही सर्दी-खोकला दिसला तर तो लपवू तर अजिबातच नका.

ऑपरेशनचा दिवस म्हणाल तर त्यात लिहिण्यासारखं कमी आहे. पाऊण तासात बाहेर आणली, भुलीतून उठताना खूप रडली आणि कोणालाच ओळखत नव्हती, सिस्टरनी आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. अ‍ॅप्निया होता म्हणून रात्रभर बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावून ठेवलं, लगेच घरी सोडलं नाही, हेही मला आवडलं.

खरी परीक्षा घरी आल्यावर. सगळ्यांना वाटतं पहिला दिवस कठीण आणि मग रोज बरं होत जाईल, तर तसं नसतं. दोन-तीन दिवसांनी जरा बरं वाटतं आणि मग आठवडा भरत आला की दुखणं परत उचल खातं, कारण तेव्हा जखमेवरची खपली सुटायला लागते. टॉर्च मारून पाहिलं तर जिथे टॉन्सिल होते तिथे दोन्ही बाजूला पांढरट-पिवळट जाड थर दिसतो, तोंडाला घाण वास येतो, पाहणाऱ्याला वाटतं पू झालाय. तो पू नाही, ती खपलीच आहे, खरवडायची नाही, पुसायची नाही. कान दुखतो म्हणून रडेल, कानात काही झालेलं नसतं, घशाची आणि कानाची एक नस एकच आहे म्हणून तिकडे दुखतं. पाणी पाजत राहणं हे सगळ्यात मोठं काम, दुखतंय म्हणून पीत नाही आणि पीत नाही म्हणून घसा सुकून अजून दुखतो, तेव्हा औषध दिल्यावर साधारण अर्ध्या तासाने, दुखणं उतरलेलं असताना, घोट घोट पाजायचं आणि लघवी वेळच्या वेळी होतेय ना ते बघायचं.

औषधांबद्दल इथे काम चोख होतं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन वजनाप्रमाणे, सुरुवातीचे दिवस रडायची वाट न बघता घड्याळ लावून. अ‍ॅस्पिरिन बिलकुल नाही. कोडीन असलेलं कुठलंही दुखण्याचं किंवा खोकल्याचं औषध नाही, काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार भराभर होतं आणि श्वास मंदावतो, यात मुलं गेली आहेत म्हणून २०१३ मध्ये औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना ते देण्याविरुद्ध कडक इशारा काढला. घरात उरलेली खोकल्याची बाटली असेल तर लेबल वाचा. आणि अँटिबायोटिक दिलं नाही म्हणून आमच्याकडे प्रत्येक भेटायला येणाऱ्याने विचारलं, तर या ऑपरेशननंतर सरसकट अँटिबायोटिक द्यायचं नसतं, त्याने दुखणं कमी होत नाही.

आता तक्रार. डिस्चार्जच्या कागदावर रक्तस्रावाबद्दल छापलं होतं "रक्त आल्यास संपर्क साधावा". बस, एवढंच. रक्त यायची भीती पहिल्या २४ तासात असते आणि मग परत साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात, खपली पडताना, म्हणजे नेमकं जेव्हा घरचे निर्धास्त होतात तेव्हा, हे मोठ्या अक्षरात लिहायला काय हरकत होती? आमच्या लेकीच्या थुंकीत एका रात्री लाल रेघ दिसली. दिलेल्या नंबरवर फोन केला तर नुसती रिंग वाजत राहिली, परत लावला तर रिसेप्शनने उचलून सकाळी ओपीडीत या म्हणून ठेवून दिला. आम्ही थांबलो नाही, गाडी काढली आणि गेलो. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ताबडतोब बघितलं, नशिबाने बारीकशीच खपली निघाली होती, रक्त थांबलेलं, तरी रात्रभर ठेवून घेतलं. तिथे पोचल्यावरची वागणूक उत्तम, पण त्या फोनवर विसंबून कोणी घरी बसलं असतं तर? हे ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक जागेला रात्री उचलला जाणारा आणि माहीतगार माणसाने उचललेला फोन हवाच, यात मला कुठलीच सबब मान्य नाही. लेखी तक्रार दिली, नंतर डॉक्टरांनी स्वतः फोन करून माफी मागितली. तुम्ही एवढं लक्षात ठेवा, ताजं लाल रक्त दिसलं किंवा मूल सारखं काहीतरी गिळतंय असं वाटलं (रक्त घशातून पोटात जात असतं, बाहेर दिसत नाही) किंवा उलटीत काळपट रक्त आलं की फोनाफोनी करत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं.

वर्षभरानंतरची स्थिती अशी की घोरणं गेलं, तोंड मिटून झोपते, सकाळी हाक मारली की उठते, शाळेतून येणाऱ्या तक्रारी कमी झाल्या. घसा लाल होऊन ताप चढला असं क्वचितच झालं. सर्दी मात्र वर्गात साथ आली की हिलाही येते, खोकला तेवढाच दिवस टिकतो. नातेवाईक विचारतात, अगं एवढं ऑपरेशन केलं तरी खोकतेय? हो, खोकतेय. फुप्फुसाचा, नाकाचा, अ‍ॅलर्जीचा खोकला टॉन्सिलशी बांधलेला नाही. नुसत्या वारंवारच्या सर्दीसाठी अ‍ॅडिनॉइड काढून उपयोग होतो का हे नेदरलँड्समध्ये १ ते ६ वर्षांच्या मुलांवर तपासून २०११ मध्ये छापलंय, थांबून पाहिलेल्या मुलांपेक्षा काही फायदा दिसला नाही. अ‍ॅलर्जी असेल तर तिचे उपचार करा, घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ती बंद करा, फ्लूची लस डॉक्टरांना विचारून द्या, सर्दीसाठी हेच उपयोगाचं.

मोठ्या माणसांचं विचारणारे पण बरेच असतात, तर ब्रिटनमध्ये वारंवार टॉन्सिल सुजणाऱ्या मोठ्यांवरचा अभ्यास २०२३ मध्ये आलाय, दोन वर्षांत ऑपरेशनवाल्यांचे घसादुखीचे दिवस साधारण २३ आणि न केलेल्यांचे ३०. फायदा आहे, पण मोठ्यांना बरं व्हायला जास्त दिवस लागतात आणि दुखतंही जास्त, ते धरून ठरवा.

स्टार म्हणाल तर तपासणी आणि खरं बोलण्यासाठी पाच, भूल विभागाला पाच, वॉर्डला चार, रात्रीच्या फोनला एक. जायचं ठरवलंत तर मूल झोपेत असतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ छाती दिसेल असा काढून न्या, वर्षभराच्या घसादुखीच्या तारखा तापासकट लिहून न्या, आणि डिस्चार्ज घेताना वॉर्डमधूनच त्या रात्रीच्या नंबरवर एक फोन लावून बघा कोण उचलतंय ते.